कुर्डूची वाडी आणि तिचे जंक्शन

दळणवळण हा विषय प्राथमिक वर्गात शिकविताना बहुधा असे घडते की, बैलगाडी, मोटार, आगगाडी, जहाज आणि विमान ही नावे फळ्यावर लिहिली जातात, मुले ती एका सुरात म्हणतात आणि तास संपतो. नावे पाठ होतात; परंतु एखाद्या गावाजवळून वाट गेली म्हणजे त्या गावाचे नेमके काय होते, कोणाच्या हाताला काम मिळते आणि ती वाट बदलली म्हणजे कोणाच्या हातचे काम जाते, हे मुलांच्या ध्यानात येत नाही. पाठ्यपुस्तकातील 'रेल्वेमुळे गावाची भरभराट होते' हे वाक्य खोटे नाही, पण ते अपुरे आहे. ते पुरे करावयाचे, तर एखादे खरे गाव घेऊन त्याची कथा आरंभापासून मुलांपुढे ठेवावी लागते. सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे अशा पाठासाठी फार चांगले उदाहरण आहे.

पाठाचा आरंभ नावापासून करावा. माढा तालुक्यात, भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, कुर्डू नावाचे गाव आहे. मूळ गावापासून अलग अशी चार घरांची वस्ती झाली म्हणजे तिला वाडी म्हणतात, हे खेड्यातील मुलांना सांगावे लागत नाही. कुर्डूची वाडी ती कुर्डुवाडी. आज वाडीला नगरपरिषद आहे आणि कुर्डू मात्र गावच राहिले आहे. मुलगी आईपेक्षा उंच झाली, ती कशामुळे, हा प्रश्न वर्गात विचारावा. 'रेल्वेमुळे' असे उत्तर मुले लगेच देतील. तेथे थांबू नये. रेल्वे कुर्डुवाडीच्या अलीकडील आणि पलीकडील कितीतरी गावांजवळून गेली आहे. तेथेही स्थानके आहेत, गाड्याही थांबतात. ती गावे एवढी का वाढली नाहीत?

या प्रश्नाचे उत्तर स्थानकाच्या जुन्या नावात सापडते. हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. तीच 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' कंपनी पुढे पुण्याहून आग्नेयेस रूळ टाकीत गेली आणि 1860 साली तिचा मार्ग सोलापुरास पोहोचला. या मार्गावर कुर्डूच्या वाडीजवळ जे स्थानक झाले, त्याचे नाव कंपनीने 'बार्शी रोड' असे ठेवले. ज्या स्थानकाच्या नावाला 'रोड' हा शब्द जोडलेला असतो, तेथे ते गाव नसते. त्या गावाकडे जाणारी वाट तेथून फुटते, एवढाच त्याचा अर्थ. नाशिक रोड, अक्कलकोट रोड, सावंतवाडी रोड ही नावे नकाशावर मुलांकडून शोधून घ्यावीत. ज्यास हा शब्द कळला, त्यास अर्धा भूगोल कळला असे म्हणण्यास हरकत नाही.

बार्शी तेथून सुमारे 35 किलोमीटर दूर, बालाघाटच्या डोंगररांगांच्या पायथ्याच्या बाजूस आहे. वरच्या मुलखातला कापूस, गळिताची धान्ये आणि इतर माल तिच्या पेठेत उतरे आणि तेथून बैलगाड्यांनी आगगाडीपर्यंत येई. काळ्या जमिनीचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो, हे सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील मुले पुस्तकाविना जाणतात. चाक आसापर्यंत रुतले म्हणजे बैलांचे काय हाल होतात, याचे वर्णन एखाद्या मुलाकडूनच करवून घ्यावे. त्या एका वर्णनाने पुढील सारा पाठ सोपा होईल.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचे इंग्रज अभियंते 1882 साली त्याच रेल्वे कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आले होते. मोठ्या मार्गापासून पेठेच्या गावापर्यंत स्वस्त आणि हलकी रेल्वे नेता येईल, असे त्यांचे मत झाले. त्यासाठी 1895 साली लंडनमध्ये 'बार्शी लाइट रेल्वे' ही कंपनी स्थापन झाली आणि 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. हाच फाटा पुढे दोन्ही बाजूंना वाढत गेला. दक्षिणेस 1906 साली तो पंढरपुरास गेला आणि 1927 साली मिरजेस. पूर्वेस तो येडशीजवळच्या रामलिंगाच्या घाटातून चढून 1911 साली लातुरास पोहोचला. लातूर त्या काळी निजामाच्या राज्यात होते. मिरज ते लातूर हा सर्व मार्ग सुमारे 325 किलोमीटर भरला आणि त्याच्या जवळजवळ मध्यावर कुर्डुवाडी आली. भिंतीवरील नकाशावर मुंबईपासून सोलापूरपर्यंत एक दोरा आणि मिरजेपासून लातूरपर्यंत दुसरा दोरा लावून दाखवावा. दोन्ही दोरे जेथे एकमेकांस छेदतात, ती ही वाडी.

दोन रूळ आणि मधली तफावत

येथपर्यंतचा भाग एका तासात होईल. पुढील भागास मात्र घाई करू नये, कारण पाठाचे मर्म तेथे आहे.

मुंबई-सोलापूर मार्गाच्या दोन रुळांतील अंतर 1676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. यास रुंदमापी मार्ग म्हणतात. लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत हे माप ठरले. बार्शीच्या मार्गाचे माप 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. हा अरुंदमापी मार्ग. शाळेच्या अंगणात मोजपट्टी आणि चुन्याची फक्की घेऊन ही दोन्ही मापे शेजारी शेजारी आखावीत. अरुंद रेघा एका मोठ्या पावलात ओलांडता येतात. रुंद रेघांमध्ये चौथीतील मुलाने हात पसरले, तरी त्याची बोटे दोन्ही रेघांना पोहोचत नाहीत. दोन्ही मापांतील फरक बरोबर तीन फूट येतो, हे मुलांनी स्वतः वजाबाकी करून सांगितले म्हणजे त्यांना मोठा आनंद होतो.

एवढा अरुंद मार्ग का केला? खर्च वाचावा म्हणून. बार्शीच्या मार्गासाठी आरंभी जे रूळ वापरले, त्यांचे वजन दर मीटरला सुमारे 15 किलो होते. आज मोठ्या मार्गांवर जो रूळ घालतात, तो मीटरला 60 किलो भरतो. हलका रूळ म्हणजे कमी लोखंड, कमी भराव, हलके पूल. पण हलक्या रुळावर जड डबा कसा चालावा? येथे कॅलथ्रॉप यांची युक्ती मुलांना अवश्य सांगावी. गाडीच्या कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, असा त्यांनी नियम केला आणि भार पुष्कळ आसांवर सारखा वाटून दिला. चार आसांचा डबा असेल, तर मालासह त्याचे वजन 20 टनांपर्यंत जाऊ शकते, आणि तरीही रुळाला एका ठिकाणी पाचच टन सोसावे लागतात. चिखलात उभ्या माणसाचा पाय रुतू लागला की तो फळीवर उभा राहतो, तत्त्व तेच. इंजिनांची चाकेही याच हिशेबाने मांडलेली होती. लहान रेल्वे म्हणजे खेळण्यातली रेल्वे, असा जो समज असतो, तो या उदाहरणाने दूर व्हावा. वाडीच्या या रेल्वेत उत्तम दर्जाचे अभियांत्रिकी ज्ञान ओतलेले होते.

आता खरी अडचण. बार्शीहून किंवा लातुराहून भरलेला डबा कुर्डुवाडीस आला की तेथे त्याची वाट संपे. मुंबईकडे जाणारे रूळ समोरच दिसत. पण अडीच फुटांवर चालणारी चाके साडेपाच फुटांवर कशी चालावीत? म्हणून प्रत्येक पोते, प्रत्येक गासडी, प्रत्येक डबा आणि पिंप लहान गाडीतून उतरवून मोठ्या गाडीत चढवावे लागे. मुंबईहून येणाऱ्या मालाचेही तसेच, उलट दिशेने. हे काम हमाल करीत. मालधक्क्यावर लहान वाघीण एका बाजूस, मोठी वाघीण दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये माणसाची पाठ. जेथे रूळ जुळले नाहीत, तेथे पाठीने ते जुळविले.

याचे एक गणित घालावे. समजा, एका डब्यात 10 टन धान्य आहे आणि पोते 100 किलोंचे आहे. म्हणजे पोती 100 झाली. दोन डब्यांमध्ये 20 पावलांचे अंतर आहे असे धरावे. जाऊन येऊन 40 पावले. तेव्हा एक डबा रिकामा करण्यास 4000 पावले पडली. पाऊल 75 सेंटिमीटरचे मानले तर ही चाल 3 किलोमीटर होते, आणि तीपैकी निम्मी क्विंटलभर ओझे पाठीवर घेऊन. हे उत्तर फळ्यावर लिहून झाल्यावर शिक्षकाने क्षणभर काही बोलू नये. वर्गात एखाद्या मुलाचा आजा हमाल असेल, तर तो मुलगा आपण होऊन बोलू लागेल, आणि त्याचे बोलणे कोणत्याही पुस्तकातील मजकुरापेक्षा अधिक मोलाचे असेल.

हीच अडचण इतरत्र निराळ्या रीतीने सोडविण्यात आली. कॅलथ्रॉप यांनी पुढे इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी रेल्वे बांधली. ती 1904 साली सुरू झाली. तेथे मोठ्या मार्गाचा डबाच उचलून अरुंद मार्गाच्या खास वाहक गाडीवर चढवीत, म्हणजे माल उतरवावा लागत नसे. ती रेल्वे 1934 साली बंदही झाली. बार्शीची रेल्वे तिच्या आधी सुरू झाली आणि तिच्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ चालली.

माल हलवावयाचा म्हणून हमाल आले. माल थांबावयाचा म्हणून वखारी हव्या झाल्या. माणसे थांबावयाची म्हणून खाणावळी, चहाची दुकाने आणि धर्मशाळा यांची गरज उत्पन्न झाली. आषाढी आणि कार्तिकीस मुंबई-पुण्याकडून आगगाडीने येणारे वारकरी येथेच उतरून पंढरपूरच्या लहान गाडीत बसत. इंजिने आणि डबे दुरुस्त करण्याचा कारखाना वाडीत झाला, तेव्हा लोहार, सुतार, जोडारी आणि खलाशी अशी कसबी माणसे तेथे वसली. त्यांची मुले शाळेत आली. या सर्वांचे मूळ एकच, रुळांमधील तीन फुटांची तफावत. दोन्ही मार्गांचे माप आरंभापासून एकच असते, तर बार्शीचा डबा वाडीत न थांबता थेट मुंबईस गेला असता, आणि वाडी बहुधा वाडीच राहिली असती. जी गोष्ट व्यापाऱ्यास अडचणीची, ती वाडीस भाकरीची होती. पाठाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. ते शिक्षकाने सांगून टाकू नये. मुलांना तेथवर येऊ द्यावे, त्यासाठी एक दिवस अधिक लागला तरी चालेल.

तफावत मिटली तेव्हा

स्वातंत्र्यानंतर 1954 साली सरकारने बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. कंपनी गेली, तरी मापे होती तशीच राहिली. देशातील बहुतेक मार्ग एकाच रुंद मापाचे करावेत, असे धोरण 1992 साली हाती घेण्यात आले. त्याची कारणे मुलांना आता आपोआप कळतील: उतरवण-चढवणीत जाणारा वेळ, भिजणारा आणि सांडणारा माल, आणि एका मार्गाचे डबे दुसऱ्या मार्गावर अडून पडणे. मिरज-लातूर मार्गाचे काम या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने झाले आणि 2010 च्या सुमारास ते पुरे झाले. नवा मार्ग रामलिंगाच्या जुन्या घाटवाटेने न जाता धाराशिव शहरावरून गेला. जिल्ह्याचे ठिकाण असूनही ते शहर तोवर रेल्वेवाचून होते.

कुर्डुवाडी आजही जंक्शन आहे. मात्र तेथील धक्क्यावर एका गाडीतले पोते दुसऱ्या गाडीत नेण्याचे कारण उरले नाही. ज्या कामावर वाडी उभी राहिली, ते काम गेले. अरुंदमापी गाड्यांच्या दुरुस्तीसाठी झालेला कारखाना पुढे रुंदमापी डब्यांच्या कामाकडे वळला, आणि नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचे डबेही तेथे दुरुस्तीस येत राहिले. कसब हाती होते म्हणून त्यास नवे काम मिळाले. ओझे उचलणाऱ्या पाठीस तसे सहज मिळत नाही. हा भेद थोड्या मोठ्या मुलांच्या वर्गात बोलून दाखवावा, पण हमालीस हीन लेखणारा एकही शब्द उच्चारू नये. त्या पाठींवरून शंभर वर्षे एका मोठ्या मुलखाचे धान्य, कापूस आणि मीठ गेले आहे.

मग माप बदलले हे बरे झाले की वाईट? कित्येक शिक्षक अशा ठिकाणी स्वतःचे मत सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा 2016 सालची हकीकत सांगावी. त्या वर्षी लातूर शहरातील पाणी संपत आले. धरण आटले होते, विहिरी आणि कूपनलिका कोरड्या पडल्या होत्या. तेव्हा मिरजेस कृष्णेचे पाणी टाकीच्या वाघिणींत भरून ते रेल्वेने लातुरास न्यावयाचे ठरले. वाघिणी राजस्थानातील कोटा येथे स्वच्छ करून आणल्या होत्या. पहिली गाडी दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन, सुमारे 340 किलोमीटरचा प्रवास करून 12 एप्रिल रोजी लातुरास पोहोचली. तिची वाट पंढरपूर, कुर्डुवाडी आणि बार्शी याच गावांवरून होती. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या. एका घागरीत 15 लिटर पाणी मावते असे धरले, तर पहिल्या गाडीत तेहतीस हजारांहून अधिक घागरी झाल्या. हा भागाकार मुलांकडून करवावा. राजस्थानातून आलेल्या रुंदमापी वाघिणी थेट लातुरापर्यंत जाऊ शकल्या, कारण त्याआधी काही वर्षे ती तीन फुटांची तफावत मिटविली गेली होती. जुने माप राहिले असते, तर त्या वाघिणी मिरजेच्या पुढे हलल्याच नसत्या.

धक्क्यावरचा हमाल आणि लातुरातील रिकामी घागर, ही दोन्ही चित्रे मुलांपुढे एकत्र ठेवावीत. मुले वाद घालतील. घालू द्यावा.

जवळच्या शाळांनी या पाठास जोडून स्थानकाची सहल काढावी. स्थानक अधीक्षकांची परवानगी आधी घ्यावी आणि दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. रुळांवर उतरून माप घेण्याचा मोह शिक्षकासही होतो. तो कटाक्षाने टाळावा. माप अंगणातील फक्कीच्या रेघांवर घ्यावे, आणि स्थानकावर फलाटाच्या पिवळ्या रेषेच्या आत उभे राहून केवळ पाहावे. विजेवर चालणाऱ्या मार्गाची वरची तार, सिग्नल, मालगाडीच्या वाघिणींवर लिहिलेली अक्षरे, गाड्यांच्या नावांतील दोन टोकांची गावे, एवढे टिपले तरी वही भरते. सहलीच्या आदल्या दिवशी गावातील जुन्या माणसांस एकच प्रश्न विचारून येण्यास मुलांना सांगावे: 'लहान गाडी होती, तेव्हा तुम्ही कोठे जाण्यासाठी तीत बसत होता?' उत्तरे फार निरनिराळी येतात. कोणी वारीस, कोणी बाजारास, कोणी बाळंतपणासाठी माहेरी.

ज्या गावांजवळ रूळ नाहीत, तेथील शिक्षकांनी पाठ सोडून देण्याचे कारण नाही. जेथे ओझे एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जाते, ते प्रत्येक ठिकाण लहानसे जंक्शनच असते. डांबरी सडकेला गाडीवाट मिळते तो फाटा, ऊस बैलगाडीतून ट्रकमध्ये चढतो ते शिवार, दुधाच्या किटल्या सायकलींवरून टेम्पोत जातात तो पार, यांपैकी एखादे स्थळ गावात असतेच. तेथे मुलांना सकाळी अर्धा तास बसवावे. काय उतरले, काय चढले, कोणी चढविले आणि त्या अर्ध्या तासात तेथे किती कप चहा विकला गेला, हे त्यांनी मोजावे. मग त्यांना विचारावे की, उद्या ही वाट गावाच्या दारापर्यंत पक्की झाली, तर फाट्यावरचा चहावाला कोठे जाईल? उत्तर वहीत लिहिण्यापूर्वी मुलांनी ते चहावाल्यासच विचारून यावे.